एकटीचा कळप

लांडग्याला गणित येतं, हे जगाला पटवून देण्यात कांचन सरगरचं अर्धं आयुष्य गेलं. आणि पटल्यावर जगानं त्या गणिताचं काय केलं, हे निस्तरण्यात उरलेलं अर्धं जाणार, अशी लक्षणं होती.

त्या संध्याकाळी भावाच्या वाड्यावर पोचली तेव्हा तिला कुणाशी बोलायचीसुद्धा इच्छा उरली नव्हती. वाडा म्हणजे मेंढरांचा. कुणाच्या तरी मोकळ्या रानात वाघर, म्हणजे जाळी, गोल लावून आत कोंडलेली मेंढरं, बाजूला एक पाल, तीन दगडांची चूल आणि दोन कुत्री. माणदेशातल्या त्या माळावर तिच्या पणजोबांच्या वेळीही असंच दिसत असणार. आता फक्त वाघरीच्या बाजूनं चार काठ्या रोवलेल्या होत्या, त्यांच्या टोकांना भोपळ्याएवढे काळे कर्णे होते, आणि प्रत्येक मेंढीच्या, कोकरांच्यासुद्धा, कानात पिवळा बिल्ला होता.

"आक्का, बघ, समदी हजर हायत," मायाप्पानं ती गाडीतून उतरायच्या आतच मोबाइल पुढं धरला. खांद्यावर एक उशिरा जन्मलेलं कोकरू टाकलेलं होतं आणि त्याची आई, ठिपकी नावाची मेंढी, त्याच्या पायात घोटाळत होती. "वरीस झालं, एक बी गेलं न्हाई. तुझ्या राखणीची किरपा."

कांचन हसल्यासारखं करून चुलीजवळ बसली. भावजयीनं, हौसानं, न विचारता चहा पुढं केला. "लई वाळलाय वन्सं," एवढंच ती म्हणाली.

दिवस मावळला तसा टेकाडाकडून लांडग्याचा लांब हेल आला. मग ओघळीतून दुसरा, मग बाभळीच्या अंगानं तिसरा. कर्ण्यांनी ते ऐकून घेतलं, आणि चारी बाजूंनी असा कल्लोळ उठला की मोठा थोरला कळप वाड्याभोवती येऊन बसलाय असं वाटावं. टेकाडाकडचे आवाज वाढले. कर्णे आणखी वाढले. कुत्र्यांनी मान वर करून पुन्हा खाली टाकली, इतकी त्यांना सवय झाली होती. चहा निवून जाईपर्यंत हे चाललं आणि मग टेकाड गप्प झालं.

"हरलं," मायाप्पा म्हणाला.

परवा जिल्ह्याच्या गावी वनखात्याच्या समितीची बैठक होती. माळावर तीस लांडगे झालेत, ते पकडून दूर कुठल्यातरी कुंपणात नेऊन सोडायचे, असा ठराव तयार होता. हा आकडा कर्णे चालवणाऱ्या राखण या यंत्राच्या नोंदींतला, आणि ते यंत्र कांचननं बनवलं, तेव्हा आकडा बरोबर असल्याची सही तिची हवी होती. सही झाली की पिंजरे लागणार. ती सही करायचीच होती, तसं तिनं कळवलंही होतं. पण त्या आकड्यानं तिला आठवडाभर झोप येऊ दिली नव्हती. पवनचक्क्या आणि सौर पत्रे यांच्यामध्ये उरलेल्या त्या माळाच्या चिंधीवर तीस लांडग्यांनी खायचं तरी काय?

*

गणित म्हटलं की आपल्याला फळा आठवतो, आणि पुष्कळांना छडीही. पण मोजण्याचं मूळ फळ्याच्या आधीचं, आकड्यांच्या आधीचं, बोटांच्याही आधीचं आहे. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं कोंबडीचं पिल्लू दोन वस्तू आणि तीन वस्तू यांतला जास्तीचा ढीग ओळखतं. मधमाशीला वाटेवरच्या तीन-चार खुणा मोजून थांबायला शिकवता येतं. सिंहिणी परक्या सिंहिणींच्या डरकाळ्या ऐकतात, त्या किती आणि आपण किती याचा अदमास घेतात, आणि मगच पुढं व्हायचं की मागं फिरायचं ते ठरवतात.

हा अदमास नेमक्या आकड्याचा नसतो, प्रमाणाचा असतो. ताटात दोन लाडू आहेत की तीन, हे पोराला न मोजता कळतं. वीस आहेत की एकवीस, हे त्याच्या आईलाही एका नजरेत कळत नाही. माणसानं याच जुन्या अदमासावर बोटं, खडे, दोरीच्या गाठी आणि मग आकडे रचले. बीजगणिताचा सगळा इमला त्यावर चढवला. पाया मात्र माशाला आणि पाखराला मिळाला तोच. गंमत अशी, की चित्रं ओळखण्यासाठी बनवलेल्या कृत्रिम मेंदूतही हाच कमी-जास्तीचा अदमास कुणी न शिकवता आपोआप उगवलेला सापडला. कांचन तेव्हा विद्यार्थिनी होती. तो शोध वाचून ती दिवसभर उपाशी हिंडली होती.

त्यातूनच राखण आली. ती लांडग्यांचं ओरडणं ऐकायची, किती असतील याचा अंदाज बांधायची आणि त्याहून मोठ्या कळपाचे आवाज स्वतः रचून सोडायची. समोर चार असले तर पाच वाजवून भागत नसे, चार-पाचातला फरक लांडग्याच्या कानाला नीट लागत नाही. मग सात वाजवायचे. लांडगा समजायचा, इथं आपल्याहून मोठं खटलं आहे, आणि निमूट बाजूला व्हायचा. ना विष, ना बंदूक, ना रक्ताचा थेंब. कांचनचे फोटो छापून आले, हारतुरे झाले.

तिचे वडील, आबा, ते बघायला राहिले नाहीत. आबा मेंढरं कधी मोजत नसत. मोजू नये, असं त्यांच्या बापानं सांगितलेलं आणि त्याच्या बापानं त्याला. त्यांना प्रत्येक मेंढी तोंडावरून ठाऊक होती, एखादी दिसली नाही की दात पडल्यावर जिभेला कळावं तसं कळायचं. लांडग्यानं कोकरू नेलं की आबा दिवसभर कुणाशी बोलत नसत. संध्याकाळी भाकरी मोडताना म्हणत, "त्येचा वाटा गेला." की विषय संपला.

आबा गेले आणि अभ्यासासाठी म्हणून कांचननं मेंढरांच्या कानात बिल्ले घातले. मायाप्पाला मोबाइलवर आकडा बघायला तिनंच शिकवलं. त्या दिवसापासून जे जाईल त्याला वाटा म्हणायचं बंद झालं आणि तोटा म्हणायला सुरुवात झाली. हे तिच्या ध्यानात यायला फार वर्षं लागली, आणि आलं तेव्हा ती फार दमलेली होती.

*

सकाळी ती टेकाडाकडे चालत गेली. आदल्या संध्याकाळी पाच-सहा लांडगे जिथून ओरडत होते, तिथं पायांच्या खुणांचा नुसता बुजबुजाट असायला हवा होता.

खुणा होत्या, पण एकाच पायांच्या. पुढच्या उजव्या पंजाचं एक बोट तुटलेलं, त्यामुळे ओळखायला अडचण नव्हती. टेकाडावरून ओघळीत, ओघळीतून बाभळीकडे, बाभळीकडून पुन्हा टेकाडावर अशी एक अरुंद पायवाट पडली होती. एकाच जिवानं रोज पळून पळून पाडलेली. कांचन त्या वाटेच्या कडेला दगडावर बसली. तिनं मोबाइल काढून राखणीला हाक दिली.

"या माळावर लांडगे किती आहेत?"

"काल संध्याकाळी सात आवाज नोंदले," राखण म्हणाली. तिचा आवाज कांचननंच निवडला होता. एखाद्या समजूतदार मास्तरीणबाईचा.

"आवाज नाही विचारले. लांडगे."

"एक. मादी."

"कशावरून?"

"आवाज वेगवेगळे आहेत, पण ते कधीच एकमेकांवर पडत नाहीत. टेकाडावरचा संपला की ओघळीतला सुरू होतो. मधला वेळ लांडग्याला तेवढं अंतर धावायला लागतो तेवढाच असतो. ती दर वेळी सूर बदलते, मधेच मोडते, त्यामुळे एका हेलाचे दोन वाटतात. गेल्या काही महिन्यांत हा मधला वेळ वाढत चालला आहे."

"म्हणजे?"

"ती थकते आहे."

समोर पवनचक्की संथपणे फिरत होती. कांचनला पुढचं विचारायची भीती वाटली, पण विचारलं. "हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"मागच्या पावसाळ्यापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"मला आवाज मोजायला आणि मेंढी जाऊ न द्यायला सांगितलं आहे. लांडगे किती, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"एकटी आहे हे ठाऊक असून तू काल तिच्यावर एवढा कळप सोडलास?"

"ती पाच झाली की मी आठ होते. ती सात झाली की मी अकरा होते. त्यामुळे मेंढी गेली नाही."

यात खोट काढायला जागाच नव्हती. माळावर सहा वाडे, सहा राखणी. महिनाभरात ती लांडगीण कधी या वाड्याजवळ गेली, कधी त्या, आणि पोटासाठी, समोरचा कळप हटावा म्हणून, प्रत्येक ठिकाणी निदान पाच जण होऊन ओरडली. समितीनं सहा पंचे तीस केले. गणितात कुणाचीच चूक नव्हती. चूक असलीच तर ज्यांनी गणित कशाचं करायचं ते ठरवलं त्यांची, आणि त्या यादीत कांचनचं नाव सगळ्यात वर होतं.

तिला रडू आलं नाही. रडायलाही अंगात थोडी ताकद लागते.

*

वनखात्याचे रणपिसे साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला आलेले, गुडघे दुखत असूनही माळ तुडवणारे. कांचननं त्यांना फोनवर सगळं सांगितलं.

"एकच," ते म्हणाले. "आणि आम्ही तीस पिंजरे मागवून बसलो. मॅडम, मग तर तिला पकडायलाच हवी. राहिली तर मरेल. तुमच्या यंत्राला सांगा, कळपबिळप बंद कर, आता एकच आवाज काढ. नराचा. आपल्या पायांनी चालत येईल पिंजऱ्यात. पुढं तिला जोडीदार बघू, दोन वेळचं मटण देऊ. यात वाईट काय आहे, सांगा ना."

खरं सांगायचं तर कांचनला ते पटलं. चांगलं घटकाभर पटलं. दमलेल्या माणसाला असं काहीही पटतं ज्यानंतर उठावं लागत नाही. तिनं राखणीला विचारूनही बघितलं.

"नराचा एक आवाज दिला तर ती येण्याची शक्यता खूप आहे," राखण म्हणाली. "तिला एवढ्या दिवसांत एकट्या लांडग्याचा आवाज ऐकू आलेला नाही. तयार करू?"

त्या 'तयार करू'नं कांचन भानावर आली. इतकी वर्षं तिनं या जिवाला खोटं सांगितलं होतं की समोर पुष्कळ आहेत. आता दुसरं खोटं सांगायचं, की एक आहे, आणि तो तुझ्यासाठी आलाय. पहिल्या खोट्याला निदान मेंढरांचं कारण होतं. दुसऱ्यासाठी तिच्याजवळ स्वतःच्या थकव्याखेरीज काही कारण नव्हतं.

"आवाज मिळणार नाही," तिनं रणपिशांना कळवलं. "आकड्यावर सहीही मिळणार नाही. तो माळ तिला सोडा. मी राखणी बंद करायला सांगते."

"बैठकीत हे बोललात तर समितीतली तुमची खुर्ची राहील असं वाटत नाही."

"नका ठेवू," कांचन म्हणाली. "बसून बसून पाठ धरलीये."

पण खुर्ची सोडणं सोपं होतं. राखण बंद करायची तर आधी घरचा वाडा. स्वतःच्या भावाला न विचारता दुसऱ्या पाच वाड्यांपुढं कुठल्या तोंडानं जायचं?

*

"बंद कर म्हंतीस?" मायाप्पानं काठी जमिनीवर टेकली. दुपारची वेळ होती, मेंढरं बाभळीच्या सावलीत एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. "आन लांडगीण आली म्हंजी? तिला च्या पाजू?"

"एकटी आहे रे ती. म्हातारी होत आलीये. सगळ्या माळावर आता तेवढीच."

"तुझ्या यंत्रानं पाच सांगितल्यालं."

"चुकीचं सांगितलं. म्हणजे मी चुकीचं विचारलं."

"आता बघ," मायाप्पाचा आवाज चढला. "आबा मोजत न्हवतं तवा तू म्हणलीस, मायाप्पा, अडाण्यावानी करू नगस. बिल्लं तू घातलंस. मोबाइल तू दिलास. मी शिकलो. आता रोज सांजच्याला समदी हायत असं ऐकल्याबिगर मला भाकर गोड लागत न्हाई. आन आता तूच येऊन म्हंतीस, मोजू नगंस. तुमी शिकल्याल्या मान्सांनी एकदा काय ते ठरवा, बाबा."

"बरोबर आहे तुझं," कांचन म्हणाली. ते बरोबरच होतं. भांडायला समोरून काही आलं नाही म्हणून मायाप्पा आणखीच चिडला आणि पाठ फिरवून गेला.

चुलीपुढं हौसा हे ऐकत होती. "एकलीच हाय व्हय, वन्सं?"

"एकटीच."

"आन पिलं?"

"नाहीत. नरच नाही कुठं."

"मंग त्यो एवढा कालवा ती एकलीच करती? पळून पळून?" हौसाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "आगं बया. आन आमी हिकडं म्हंतोय, हरलं हरलं."

मायाप्पा उशिरा परतला. मेंढरं त्यानं नेहमीची वाट सोडून टेकाडाखालून आणली होती, हे त्यांच्या पायांना लागलेल्या तांबड्या मातीवरून कळत होतं. त्यानं वाघर बांधली, ठिपकीचं कोकरू खांद्यावरून उतरवलं, हात धुतले. मग बहिणीकडं न बघता म्हणाला, "फुडल्या पायाचं बोट तुटल्यालं हाय तिचं."

"हो."

"वाट पाडलिया पळून. आपल्या मेंढरांनी बी पडत न्हाई तसली." त्यानं टॉवेलला हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "कर बंद. येक दीस. उद्याचं उद्या बघू."

कांचननं राखण बंद केली. चारही कर्ण्यांवरचे हिरवे दिवे विझले.

दिवस मावळला आणि टेकाडावरून हेल आला. थोड्या वेळानं ओघळीतून. मग बाभळीकडून, मोडलेल्या सुरात, दोघं असल्यासारखा. तिघंही वाड्यापुढं उभी राहून ऐकत होती. आता वाट ठाऊक असल्यामुळे त्यांना आवाजांमधली शांतताच जास्त ऐकू येत होती, आणि त्या शांततेत एक जनावर धापा टाकत पळत होतं. पुन्हा टेकाड. पुन्हा ओघळ. कर्ण्यांकडून उत्तर आलं नाही.

ती थांबली. बहुधा वाट बघत असावी. माळावर नुसता वारा होता. हौसानं पदराचं टोक तोंडाशी धरलं.

मग टेकाडावरून एक हेल आला. सरळ, कुठं न मोडता, संपेपर्यंत लांबवलेला. त्यात कुणाला भिववायचं नव्हतं. नुसत्या एका लांडग्याचा, आपण एक आहोत हे न लपवणारा आवाज. वाड्यातली कुत्री उठून उभी राहिली, पण भुंकली नाहीत. कांचननं आयुष्यभर लांडगे ऐकले होते, पण आपण ऐकतोय याची लाज तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

*

उजाडताना ती जागी झाली ती ठिपकीच्या ओरडण्यानं. मेंढी वाघरीच्या एका कोपऱ्यात उभी राहून जाळीला तोंड लावत होती, मागं वळून इतर कोकरांना हुंगत होती आणि पुन्हा जाळीकडे जात होती. त्या कोपऱ्यात जाळी खालून उचकटलेली होती. पलीकडच्या मातीत पंजे उमटले होते. पुढच्या उजव्याला एक बोट नव्हतं.

मायाप्पा ठिपकीजवळ उकिडवा बसला होता. कांचन येऊन त्याच्यामागं उभी राहिली. गेलेलं कोकरू त्यानं जन्मल्यापासून खांद्यावरनं उतरू दिलं नव्हतं, आणि राखण बंद करायला तिनं सांगितलं होतं. तो आता काहीही बोलला तरी ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. बैठकीला दुपारी जायचं होतं, बाकीच्या पाच वाड्यांवर त्याच्या आधी जायचं होतं, आणि तिथं काय सांगायचं हे हा आता काय बोलतो त्यावर होतं.

त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. बिल्ल्यांची सकाळची मोजणी झाली होती.

"एक कोकरू कमी आहे," तोच समजूतदार आवाज म्हणाला. "तोटा नोंदवू?"

मायाप्पानं मोबाइल बाहेर काढला, पडद्याकडे बघत राहिला. एका हातानं तो ठिपकीच्या गळ्याखाली खाजवत होता. ती ओरडतच होती. चुलीशी हौसा उभी होती, तिनं अजून जाळ केला नव्हता.

"तोटा नोंदवू?" मोबाइलनं पुन्हा विचारलं.

त्यानं तो मागं न बघता बहिणीच्या हातात दिला.

"तूच लिव, आक्का."

"काय लिहू?"

मायाप्पानं उचकटलेली जाळी ओढून सारखी केली, खुंटी पुन्हा ठोकली, आणि आबांसारखंच, कुणाकडंही न बघता म्हणाला,

"लिव, समदी हायत."